बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट? पिकअप उंच करायच्या आधी हे वाचा

पिकअप उंच करायचं डोक्यात आलं की आपण काय करतो, ओळखीच्या गॅरेजला जातो आणि विचारतो "किती इंच उचलता येईल?" आणि समोरचा पण लगेच इंचातच उत्तर देतो. दोन इंच, तीन इंच. मी पण तसंच केलं होतं. माझी डबल केबिन पिकअप, सेकंडहँड घेतलेली, पुढं कॉइल (वेटोळ्याची) स्प्रिंग आणि मागं पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग), कोल्हापूरजवळ भोगावतीच्या काठच्या मळ्यात जायला आणि महिन्यातनं एकदा गगनबावड्यानं कोकणात उतरायला. मळ्याच्या वाटेवर खालनं घासायची म्हणून दोन इंचाची बॉडी लिफ्ट करून घेतली, गाडी दिसायला एकदम दणकट झाली, आणि पहिल्याच खेपेला त्याच जागी तसंच घासलं. पैसे गेले, दोन दिवस गेले आणि नंतर सगळं काढायला परत पैसे गेले. कुठं घासतंय हा प्रश्न आधी कुणी विचारला असता तर हे काहीच झालं नसतं, म्हणून नवीन माणसासाठी सगळं क्रमानं लिहितोय.

१. आधी गाडीखाली जा आणि फरक डोळ्यानं बघा

पिकअपमध्ये दोन वेगळ्या वस्तू एकमेकांवर ठेवलेल्या असतात. खाली चेसी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, पाटे सगळं ज्याला धरून असतं ते. वर केबिन आणि मागचा हौदा. मध्ये ठिकठिकाणी रबरी माउंटिंग आणि त्यातनं आरपार बोल्ट.

बॉडी लिफ्ट म्हणजे या रबरी माउंटिंगजवळ ठोकळे घालून फक्त केबिन आणि हौदा वर उचलायचा. चेसी जिथं होती तिथंच. इंजिन तिथंच, डिझेलची टाकी बहुतेक गाड्यांत तिथंच, क्रॉस मेंबर (चेसीच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) तिथंच. म्हणजे जमिनीपासनं तुमच्या गाडीचं पोट एक सूतभर पण वर जात नाही. वाढते ती फक्त मडगार्ड आणि टायरमधली जागा.

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे स्प्रिंग, पाटे, शॉकअप यात बदल करून चेसी एक्सलपासनं वर उचलायची. यात पोट खरंच वर जातं. पण मागचा एक्सल सरळ आडवा असेल, आणि पिकअपला तो असतोच, तर त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर ज्यात असतात तो) मात्र तिथंच राहतो, कारण तो चाकांनाच जोडलेला आहे. तो वर जातो फक्त टायर मोठा घातला तर.

एवढं एक कळलं की निम्मा गोंधळ संपतो. हिलक्स, व्ही-क्रॉस, स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, जिम्नी, गुरखा या चेसीवाल्या गाड्या आहेत. डस्टर, क्रेटा, हॅरिअर, एक्सयूव्ही ७०० यांना वेगळी चेसीच नाही, त्यामुळं यांच्यासाठी कुणी बॉडी लिफ्ट म्हणायला लागला तर तिथनं निघा.

२. गेरू लावा आणि नेमकं काय घासतंय ते शोधा

ही पायरी कुणीच करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. बादलीत थोडा गेरू कालवा, जुना ब्रश घ्या आणि गाडीखाली जे जे लोंबतंय त्याला फासा: गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, डिफरन्शियल, शॉकअपचे खालचे कान, पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट, सायलेन्सर, टाकीचं कव्हर. मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला पण लावा. वाळला की रोज जी वाट त्रास देते तिथनंच जा, रोज जेवढं वजन भरता तेवढं भरून जा, आणि परत येऊन कुठला गेरू पुसलाय ते बघा. फोटो काढून ठेवा.

आमच्याकडं उसाच्या वाटांवर ट्रॅक्टर-ट्रॉलीनं पाडलेल्या चाकोऱ्या असतात. पाऊस संपून वाट वाळली की दोन खोल चर आणि मध्ये कडक उंचवटा. पिकअप त्या चरात उतरली की मधला उंचवटा डिफरन्शियलला लागतो आणि वजन असेल तर क्रॉस मेंबरला पण. माझ्या गाडीला गेरू तिथंच पुसला होता. मडगार्डच्या आतला जसाच्या तसा. म्हणजे मला टायरला जागा नकोच होती, आणि मी नेमकी तीच विकत घेतली होती.

आता हिशेब सोपा. मडगार्डच्या आतला गेरू पुसला असेल, टायर वळवताना घासत असेल, तर बॉडी लिफ्टचा विचार करा. क्रॉस मेंबर, टाकी, सायलेन्सर घासत असेल तर सस्पेन्शन. फक्त डिफरन्शियल घासत असेल तर टायर, नाहीतर गाडी चालवायची पद्धत बदला, एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाजूच्या कडेवर घालून जा, चरात उतरूच नका.

३. गाडी खरंच तेवढीच उंच आहे का जेवढी कंपनीतनं आली होती?

सेकंडहँड पिकअप घेणाऱ्यांनी हे शंभर टक्के बघाच. पाटे वजन वाहून वाहून बसतात, कमान जाते, आणि आपण समजतो गाडीच बुटकी आहे.

मोजायला सपाट जागा लागते, आणि आपल्या भागात सगळ्यात सपाट जागा म्हणजे वजनकाट्याची प्लेट. गर्दी नसेल तेव्हा जा, काटेवाल्याला सांगा दोन मिनिटं लागतील. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं करून घ्या. मग चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासनं सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरा, चारी चाकांना, आणि लिहून घ्या. टायर कुठलाही असला तरी हे माप बदलत नाही म्हणून हेच घ्यायचं. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीचं माप शोरूममध्ये जाऊन घेता येतं, कुणी नाही म्हणत नाही. काट्यावर आलाच आहात तर पुढचा एक्सल वेगळा आणि मागचा वेगळा असं वजन पण करून घ्या, रिकामी आणि भरलेली दोन्ही, कारण पुढं स्प्रिंग निवडताना हेच आकडे लागतात.

माझी मागनं दीड इंच बसलेली निघाली. डावीकडं अजून थोडी जास्त. म्हणजे जी उंची मी विकत घ्यायला निघालो होतो त्यातली बरीचशी माझ्याच गाडीची हरवलेली होती.

४. कायदा आणि विमा, काम सुरू करायच्या आधी

हे मी शेवटी शिकलो, तुम्ही आधी शिका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, सीएनजी किटसारखे ठराविक अपवाद सोडले तर. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हेच स्पष्ट केलं. आणि कलम १८२अ प्रमाणं बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "एमएच-०९ ची गाडी हाय, आपल्याला कोण विचारतंय" हे वाक्य मी लय ऐकलंय, पण विचारतात, आणि नेमकं अपघात झाल्यावर विचारतात.

माझी गाडी बॉडी लिफ्ट असताना मागनं ठोकली गेली. चूक समोरच्याची. तरी विम्याच्या सर्व्हेअरनं वाकून चेसीवरच्या ठोकळ्यांचे फोटो काढले आणि विचारलं हे पॉलिसीत लिहिलंय का. लिहिलेलं नव्हतं, मी कळवलंच नव्हतं. क्लेम किती आठवडे अडकला ते सांगत बसत नाही.

तर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी काम सुरू करायच्या आधी आरटीओत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, तोंडी "चालतंय की" वर जाऊ नका. विमा कंपनीला ईमेल करा. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला पण विचारा. मूळ उंचीवर परत आणणं, म्हणजे बसलेले पाटे आणि स्प्रिंग कंपनीच्या मापाचे करणं, ही दुरुस्ती आहे, त्याला हा प्रश्नच येत नाही. लिफ्ट हा बदल आहे. हा फरक डोक्यात पक्का ठेवा.

जवळ ठेवायचे कागद: आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, गाडीचं मॅन्युअल, वजनकाट्याच्या पावत्या, आणि प्रत्येक पार्टचं पार्ट नंबर असलेलं जीएसटी बिल.

५. बॉडी लिफ्ट करताना काय काय ताणलं जातं

ठोकळे स्वस्त असतात, म्हणून माणूस फसतो. केबिन दोन इंच वर गेली की केबिन आणि चेसीला जोडणारी प्रत्येक वस्तू दोन इंचानं लांब व्हायला लागते, आणि ती यादी मोठी आहे:

- स्टिअरिंगचा मधला शाफ्ट. आतल्या दात्यांची पकड कमी होते. इथं जुगाड म्हणजे जिवाशी खेळ, योग्य एक्स्टेन्शन नसेल तर काम करूच नका.
- रेडिएटर केबिनबरोबर वर जात असेल तर फॅन खालीच राहतो आणि त्याच्या गोल कव्हरला पाती घासतात. माझ्या गाडीत तिसऱ्या दिवशी करकर आवाज सुरू झाला तो हाच.
- इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी. ही ताणून तुटली की स्टार्टर कधी लागतो कधी नाही आणि माणूस बॅटरी बदलत बसतो.
- ब्रेकचे पाइप, क्लचचा पाइप, हँडब्रेकची केबल, एबीएसच्या वायरी.
- डिझेल भरायच्या तोंडाचा पाइप.
- गिअर लिव्हर आणि फोर-व्हीलचा लिव्हर, दोन्ही केबिनच्या मानानं खाली जातात आणि फ्लोअरच्या कडेला लागायला लागतात.

बंपर चेसीवर असतो, तो खाली राहतो, मध्ये फट दिसते. तीन इंचाच्या वर तर कुणी कितीही म्हटलं तरी जाऊ नका.

ठोकळ्यांबद्दल एक सांगतो. आपल्याकडं शिवाजी उद्यमनगर आहे, लेथवर काय पण करून मिळतं, आणि काम खरंच चोख असतं, या शहरानं ऑइल इंजिनं आणि कास्टिंग उगाच नाही बनवली. पण टर्नर तुम्ही सांगाल ते करून देणार, काय सांगायचं हे तुम्हाला माहीत पाहिजे. भरीव नायलॉन किंवा ॲल्युमिनियम, दोन्ही तोंडं एकदम समांतर, मूळ रबर ठेवूनच, आणि बोल्ट कंपनीच्याच ग्रेडचा फक्त लांब, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो तो जुळवून घ्या. लाकूड नको, पोकळ पाइपाचा तुकडा नको, वॉशरची चळत नको. मला एका जागी वॉशरच घातलेले सापडले, काढताना.

फायदा काय मग? चाकांचे कोन बदलत नाहीत, पाटे-शॉकअपना हात लागत नाही, गाडी चालायला आधीसारखीच राहते. मोठा टायर बसवायचाय आणि बाकी सगळं ठीक आहे, एवढ्या एकाच कामाला ही चांगली.

६. सस्पेन्शन लिफ्ट, पुढचं वेगळं मागचं वेगळं

मागं पाटे असतील तर चार रस्ते आहेत. पाट्यांना परत कमान भरून घेणं, जादा एक पाटा घालणं, एक्सल आणि पाट्यामध्ये ब्लॉक घालणं, किंवा लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी). माझं मत विचाराल तर पहिला रस्ता आधी, पण कमान भरणारा भट्टी लावून पाणी देणारा जाणकार पाहिजे, नुसता थंड ठोकून वाकवलेला पाटा दोन महिन्यांत परत बसतो. जादा पाटा घातला की रिकामी गाडी आपटते. आणि पाटा वाढवला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, हे वैरण आणि गूळ भरणाऱ्यांनी लक्षात ठेवा. ब्लॉक घातला तर एकच, एकावर एक कधीच नाही, आणि पुढच्या एक्सलला तर अजिबात नाही. लांब शॅकलनं जेवढी लांबी वाढवाल त्याच्या साधारण निम्मीच उंची मिळते, शिवाय डिफरन्शियलचं तोंड फिरतं आणि प्रोपेलरच्या (मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टच्या) क्रॉसला ताण येतो.

यू-बोल्ट काढले की नवीनच घाला. जुने ताणलेले असतात. आणि पाट्याच्या डोळ्यातले आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर आलं की मग आवळायचे. नाहीतर डोळ्यातला रबरी बुश पिळलेल्या स्थितीत अडकतो आणि थोड्याच दिवसांत फाटतो. हे मिस्त्रीला समोर उभं राहून सांगा, चिडला तर चिडू दे.

पुढं डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आडवे हात) आणि कॉइल असेल, जशी बहुतेक नव्या पिकअपना आहे, तर शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर घालतात. इथं सापळा असा की स्पेसर जेवढा जाड त्यापेक्षा गाडी जास्त उचलते, कारण शॉकअप विशबोनच्या मधल्या भागाला बसलेला असतो आणि चाक टोकाला. एक इंचाचा स्पेसर म्हणजे चाकाशी जवळजवळ दोन इंच. दोन इंच लिफ्ट पाहिजे म्हणून दोन इंचाचा स्पेसर घातला की वरचा बॉल जॉइंट आडवा होतो आणि फोर-व्हील असेल तर एक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडतं. कॉइल काढताना दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते, योग्य कॉम्प्रेसर नसलेल्या ठिकाणी हे काम नको.

२०१० ते २०२० मधल्या सीआरडीई थारला पुढं टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे. त्याचा बोल्ट फिरवला की फुकटात उंची मिळते म्हणून सगळे फिरवतात, पण त्यात चाकाची खाली जायची जागा संपते आणि प्रत्येक खड्ड्यात ठक्‌ आवाज येतो. जिम्नीला पुढं-मागं सरळ एक्सल आणि कॉइल, तिथं उचलली की एक्सल एका बाजूला सरकतो, आडव्या रॉडची लांबी जुळवावी लागते.

आता एक गोष्ट जी मला तीन गॅरेजमध्ये कुणी सांगितली नाही. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलवरनं एक बारीक दांडी वर चेसीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला गेलेली असते. गाडी भरली की मागची बाजू दबते, दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. तुम्ही गाडी मागनं उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक कमी लागतो. करूळ घाटात उतरताना हे कळणं म्हणजे फार उशीर झाला. तुमच्या गाडीला ही दांडी असेल तर ती नव्या उंचीला सेट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

७. टायर

दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीनं मान्य केलेले साइज असतात, त्यातला मोठा निवडा आणि तिथंच थांबा. २४५/७० आर१६ चा व्यास साधारण ७४९ मिमी, २६५/७० आर१६ चा ७७७. फरक २८ मिमी, पण एक्सल वर जातो त्याच्या निम्मा, १४ मिमी. आणि तेवढ्यानंच स्पीडोमीटर ८० दाखवत असेल तर गाडी ८३ नं चाललेली असते.

८. पुरासाठी उंच करत असाल तर

नका करू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवरच पाणी होतं, तेव्हापासनं बरेच जण "पुरात उपयोगी पडेल" म्हणून लिफ्टचं विचारतात. पाण्यात गाडी चालते की नाही हे हवा ओढायचं तोंड कुठं आहे आणि एक्सलचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची तोंडं) कुठं आहेत यावर ठरतं, आणि बॉडी लिफ्टनं यातलं एक्सलचं तर काहीच बदलत नाही. वाहतं पाणी दोन फूट असलं की मोठी गाडी पण ढकलली जाते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायला लागलं की गाडी उंच जागी लावा एवढंच.

९. काम झाल्यावर

अलाइनमेंट त्याच दिवशी, आणि चाकांच्या तिन्ही कोनांची (कॅम्बर, कॅस्टर, टो) प्रिंट घ्या, नुसतं "टो केलं" चालत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण वळवून ब्रेकचे पाइप ताणतात का बघा. एक चाक जॅकनं उचलून लोंबकळत ठेवा आणि परत बघा. हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर घाटात समोरच्याचे डोळे दिपतात.

पहिली चक्कर शहरातल्या शहरात हळू, दुसरी पन्हाळ्याला, तिथल्या वळणांवर गाडी किती कलते ते रिकाम्या गाडीत समजून घ्या, हायवेला नंतर. उंच गाडी कलायला सोपी असते आणि वर वैरण रचली की अजून सोपी. ५०० किमी झाले की टॉर्क पान्यानं सगळे बोल्ट परत आवळा, यू-बोल्ट आधी.

घरी लागणारं सामान: टेप, गेरू आणि ब्रश, टॉर्क पाना, दोन मजबूत स्टँड, चांगली टॉर्च. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही.

मी शेवटी ठोकळे काढले, मागच्या पाट्यांना कमान भरली, पुढं कंपनीच्या मापाच्या नवीन स्प्रिंग घातल्या आणि टायर स्टिकरवरच्या यादीतला मोठा घेतला. मग त्याच वजनानं त्याच वाटेवर गेरू लावून परत गेलो. क्रॉस मेंबरवरचा गेरू तसाच राहिला, डिफरन्शियलवर बोटभर रेघ पुसली होती, म्हणून ओढ्याच्या अलीकडच्या त्या तीस-चाळीस फुटांत अजूनही डावं चाक मधल्या उंचवट्यावर घालूनच जातो.